दुसरा सोमनाथ

पिनेची दोन भोकं. फोटोवाल्याने बाकी सगळं साफ केलं होतं — खांद्यावरून गेलेला कॉलेजचा निळा शिक्का पुसला होता, मागची पिवळट भिंत काढून आकाशी रंग भरला होता, गालावरचा चरा मिटवला होता — पण डाव्या कानाच्या वर, अर्जाला फोटो टाचताना पडलेली ती दोन बारीक भोकं काही त्याच्या नजरेला पडली नव्हती. आणि आता फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून मांडीवर घेतलेली असताना, एसटी आपटाळ्याच्या पुढच्या वळणांवर अंग टाकत चाललेली असताना, अक्षदाचा अंगठा कागदावरून फिरत फिरत नेमका तिथेच जाऊन थांबत होता. वरून काही लागत नाही, मध्ये काच आहे, कागद आहे, हे तिला कळत का नव्हतं? पण अंगठ्याला कोण सांगणार.

"कोट घालू का मॅडम?" फोटोवाल्याने विचारलं होतं. "सगळेच घालून घेतात. कोट, टाय. एका मिनिटाचं काम."

नको म्हणाली. मग त्याने पोराच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आवाज उतरवून म्हणाला, "चंदनाचा हार आहे आपल्याकडे. लावून देऊ?" तेही नको म्हणाली. तुमचं कोण, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे ती तेव्हापासून ठरवत होती. आमचा विद्यार्थी? आमचा कशावरून — जिवंतपणी त्याला एकदा तरी पाहिलं होतं का तिने? जिन्यावरून वरखाली करणाऱ्या शेकडो पोरांतला एक. असेलही पाहिलेला. दिला असेल एखादा फॉर्म, सांगितलं असेल, इथे सही कर.

अक्षदा राजुरीची. पुण्याला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्यातली इंटर्नशिप करायला तिला घरापासून जवळ म्हणून जुन्नरच्या बाजूचं हे कॉलेज मिळालं होतं. विद्यार्थी विकास कक्ष — नाव ऐकून घरच्यांना वाटलं, पोरगी साहेब झाली. प्रत्यक्षात जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि उज्ज्वला मॅडम. मॅडम चांगल्या होत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं असं अलीकडे अक्षदाला वाटायचं. सगळं त्यांच्या माथी मारून मोकळं तरी होता आलं असतं. पुण्यात सहानुभूती वेगळी आणि समानुभूती वेगळी, हे फळ्यावर दोन वर्तुळं काढून शिकवलं होतं. मॅडमनी कधी वर्तुळं काढली नाहीत. पोरगी रडत आली तर दार लोटून घे आणि पाणी दे, म्हणाल्या. पश्चिमेकडच्या, डोंगरातल्या पोरांना अडचण आहे का विचारू नकोस, ती न्हाईच म्हणणार. जेवलास का, असं विचार. अक्षदाने विचारून पाहिलं, आणि खरंच, जेवलास का म्हटलं की पोरं घडाघडा बोलायची. घरचं, खोलीच्या भाड्याचं, न कळणाऱ्या इंग्रजीचं. आपल्याला हे काम जमतंय, असं तिला वाटायला लागलं होतं. तेच नडलं.

परीक्षेचे दिवस होते. कॉलेजच्या ग्रुपवर सकाळी एका सरांचा मेसेज पडला — आपला विद्यार्थी सोमनाथ गवारी याचे दुःखद निधन. हिरड्याच्या झाडावरून पडला होता, पुण्याला नेला होता, पहाटे गेला. त्याखाली लगेच प्राचार्यांचा — श्रद्धांजलीची पोस्ट तातडीने टाकावी. मॅडम पेपरांचे गठ्ठे उचलून वर्गावर निघालेल्या. दारातूनच म्हणाल्या, "तू कर गं. शिकशील."

शिकले.

कॉम्प्युटरवर सोमनाथ गवारी टाकलं आणि चेहरा आला. भांग पाडलेला, जरासा हसरा. हा गेला? एवढासा? तिचे डोळे भरून आले, खरंच भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तिने तो चेहरा उचलून काळ्या चौकटीत बसवला, शेजारी समई लावली. मोबाइलमधल्या तयार नमुन्यात 'श्रध्दांजली' लिहिलेलं होतं. गावोगावच्या फ्लेक्सवर असतं तसं, ध आधी आणि द नंतर. ते काही तिला खपेना. निदान कॉलेजच्या नावाने तरी शुद्ध जावं, मेलेल्या पोराच्या नावाखाली तरी चूक नसावी... तिने ते अक्षर चार ठिकाणांहून शोधून आणलं, द आधी बसवला, ध नंतर. 'भावपुर्ण'मधला ऱ्हस्व उकार दीर्घ केला. प्रत्येक वेलांटी दोनदा पाहिली. आणि बापाचं नाव एकदाही पाहिलं नाही.

सोमनाथ सावळेराम गवारी. गेलेला होता तो सोमनाथ जानकू गवारी. वाडी एक, आडनाव एक, कॉलेज एक, माणसं दोन. अक्षदाचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा वाटेत भेटलेल्या कुठल्याही पोराला पहिला प्रश्न विचारायचे — कोनाचा रं तू? त्याशिवाय पुढचं बोलणं नाही. लहानपणी तिला त्याची लाज वाटायची. काय हे सारखं कोनाचा, कोनाचा. आणि त्या दिवशी तिने नाव विचारलं, आडनाव विचारलं, अक्षरसुद्धा तपासलं. कोनाचा, ते तेवढं राहिलं.

दुपारी पेपर सुटल्यावर पोरगा स्वतःच कक्षाच्या दारात उभा राहिला. हातात मोबाइल. "मॅडम," म्हणाला, "मी हाय ना अजून."

मग जे हसू झालं ते... पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आयुष्य वाढलं राव तुझं! शंभरी गाठणार बघ! सरांनी पाठीवर थाप मारली, प्राचार्यांनी त्याच्या वडिलांना स्वतः फोन केला, चार दिवसांनी सावळेराम कॉलेजात आला तर त्याला चहा दिला, पेढे दिले, तोही भला माणूस, हात जोडून म्हणाला, व्हतंय सायेब, नावावर नाव हाय. पोस्ट काढून टाकली होती. ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं होतं, आपापल्या मोबाइलमधूनही काढा. मिटलं. अक्षदाने तोवर दुसरी पोस्ट तयार केली होती — गठ्ठ्यातून जानकूच्या सोमनाथचा अर्ज काढून, त्यावरचा टाचलेला फोटो घेऊन — पण मॅडम म्हणाल्या, "थांब. सर म्हणतात आता नको. ही टाकली की लोक पहिली उकरून काढणार. परीक्षा होऊन जाऊ दे." परीक्षा झाल्या. शोकसभा घ्यायची होती तीही राहिली. जिवंत सोमनाथची माफी मागून झाली, त्याच्या बापाची मागून झाली, एका सरांनी तर प्राचार्यांचीही मागितली. जो गेला होता त्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच्यासाठी कॉलेज दोन मिनिटं गप्प उभंसुद्धा राहिलं नाही, आणि ते आपल्यामुळे, हे अक्षदाला जेवताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं, इंटर्नशिपच्या अहवालात 'या काळात मी काय शिकले' असा मथळा टाकून पुढे काहीच सुचत नसताना तर फारच आठवायचं.

"तू जातेस तर जा," मॅडम काल म्हणाल्या होत्या. "पण तुझी तू म्हणून जा. कॉलेजचं नाव मध्ये आणू नकोस. फोटो दे, बस जरा वेळ, ये. आणि हे बघ — ते पोस्टचं काढू नकोस. त्या बाईला त्यातलं माहीत नसेल तर कशाला उगीच?" मग "तुझ्या मनावरचं ओझं तिच्या दारात उतरवायला जाऊ नकोस, एवढंच," असंही म्हणाल्या होत्या, आणि ते मात्र अक्षदाला लागलं होतं. कारण ती नेमकी त्यासाठीच चालली होती. वाक्यही जुळवलं होतं. मावशी, माझ्याकडून चूक झाली. एसटीत बसल्यापासून ती ते मनात म्हणत होती, आणि म्हणता म्हणता ते तिला ऐकू यायला लागलं. चूक झाली. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. कुणी केली नाही, आपोआप झाली. मी चूक केली — असं का जमत नाही? मी केली. मी... पुढच्या वळणावर फ्रेम मांडीवरून घसरली आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली.

फाट्यावर मोटरसायकल घेऊन सोमनाथ उभा होता. जिवंत सोमनाथ. कालच फोन करून तिने विचारलं होतं, वाट दाखवशील का. तो लगेच हो म्हणाला होता, पण आता हसत नव्हता.

"आई कशी आहे तुझी?" गाडीवर बसताना तिने विचारलं.

"हाय बरी. रात्री उठून बघती मॅडम, मी हाय का न्हाई. हात लावून बघती." किक मारून तो म्हणाला, "सवय लागली तिला आता."

रस्ता चढाचा, दोन्हीकडे उन्हात करपलेलं रान, मधूनमधून हिरड्याची हिरवी झाडं. कुठल्या झाडावरून, हे तिने विचारलं नाही. वाडीच्या अलीकडे पाण्याची टाकी होती, तिथे कठड्यावर चार पोरं मोबाइल घेऊन बसली होती. वाडीत रेंज नाही, सोमनाथने सांगितलं, सगळं इथंच येतं. सगळं म्हणजे काय, ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याने एकदम गाडीचा वेग वाढवला. घराच्या थोडं अलीकडे त्याने गाडी थांबवली.

"ते बघा, पत्र्याचं. पुढं हिरडा वाळत घातलाय ते."

"तू नाही येत?"

"न्हाई मॅडम. काकी मला बघितलं का..." त्याने हँडलवरची धूळ पुसली. "लहानपणी निम्मं जेवन मी तिच्याच घरी केलंय. आता बघती आन् तोंड फिरवती. मी काय केलंय? मी हितंच थांबतो. शेवटची गाडी गाठून देतो तुमाला."

अंगणभर हिरडा पसरलेला होता. वाळून काळा पडत चाललेला, तुरट, उग्र वासाचा. यातला काही त्याने काढलेला असेल... अक्षदा कडेकडेने, एकही फळ पायाखाली येऊ न देता गेली. गेलेल्या सोमनाथची आई, तानूबाई, ओट्यावरच होती. बारीक, काटक बाई. गुडघ्याभोवती हात घालून बसलेली. कॉलेजातनं आलेय म्हटल्यावर उठली, घोंगडी झटकून टाकली, पाणी आणलं. जानकू रानात गेला होता. "जावं लागतंय," ती म्हणाली. "हिरडा थांबत न्हाई. त्या झाडाकडं जात न्हाईत तेवढं, बाकीची झोडत्यात."

अक्षदाने सुतळी सोडली. गाठ सुटेना तेव्हा तानूबाईनेच पुढे होऊन दाताने सोडली. काच पदराने पुसली. फ्रेम हातभर लांब धरून पाहिली, जवळ घेऊन पाहिली. रडली नाही.

"कवाचा म्हनायचा ह्यो?"

"प्रवेश घेतला तेव्हाचा."

"उपाशी गेला व्हता त्या दिशी. सकाळची गाडी चुकंल म्हून." तिने काचेवरून, गालाच्या जागी, बोट फिरवलं. "दिसतंय बघ तोंडावर. भाकर बांधून दिलेली, ती बी हितंच इसरला."

आता, अक्षदाने मनाशी म्हटलं. आता बोल. मी केली. तिने पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या खाली ठेवला, तो जरा जोरातच ठेवला गेला.

"बाय, येक इचारू?" तानूबाईच म्हणाली. "तू कालेजातली, तुला ठावं आसंल. तो पयला फोटू कुनी लावला व्हता?"

म्हणजे माहीत होतं. म्हणजे आत्तापर्यंत — पाणी देताना, घोंगडी झटकताना — हिला माहीत होतं... अक्षदाने तोंड उघडलं, पण बाईला उत्तराची घाई नव्हती. ती अंगणाकडे बघत होती, आणि जे सांगत होती ते अक्षदाला सांगत होती असंही नाही.

"पोराला पुन्याला न्हेला. मालक संगं गेलं, मी हितं. फोन न्हाई, सांगावा न्हाई. रातभर ह्या उंबऱ्याला बसले. सकाळी टाकीवनं पोरं पळत आली. सोमनाथ गवारी गेला, सोमनाथ गवारी गेला. कुनीतरी मोबाइल पुढं धरला. बघते तर ह्यो सावळेरामचा! माझा न्हाईच. तिकडं सावळेरामची बाई ऊर बडवाय लागली. दातखीळ बसली तिची. समद्या बाया तिकडं. मी बी गेले. रडले बी. आन् बाय, मनात काय व्हतं म्हनशील तर... माझा न्हाई. माझा न्हाई. येवडंच. घरी आले, चूल पेटवली, भात टाकला. दवाखान्यातनं पोर येनार, भुका आसनार. मऊ केला, पडलेल्या मानसाला गिळाय बरा म्हून. तिकडं त्या माऊलीचा आवाज येतोय आन् मी भातात मीठ टाकतीया."

अक्षदाने सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"दिस कलला तवा गाडी आली. पांढरी." तानूबाईने फ्रेम उताणी मांडीवर ठेवली. "आदी लई शिव्या दिल्या मी त्याला, ज्यानं लावला त्याला. त्याचं वाटुळं व्हईल म्हनलं. मालकांना म्हनलं, कालेजात जाऊन इचारा. आता शिव्या बी येत न्हाईत. तेवडा येळ माझं पोर व्हतं की. समद्यांचं सकाळीच गेलं. माझं दुपारपातूर व्हतं." मग पहिल्यांदाच तिने अक्षदाकडे नीट पाहिलं. "तो फोटू कुनाकडं न्हाई आता. टाकीवरच्या पोरांना म्हनलं, मला परत दावा. म्हनत्यात, काकी, पुसला. कालेजानं सांगितलं म्हनं पुसाया. तुमच्याकडं आसंल का गं? मला बघायचाय."

सगळ्यांनी पुसला होता. मॅडमनी समोर बसवून अक्षदालाही पुसायला लावला होता, ग्रुपमधून, कॉम्प्युटरमधून. पण तो तयार केला होता मोबाइलवर, आणि तिथून काढायला तिचा हात कधीच धजला नव्हता. रात्री ती कधीतरी उघडून बघायची आणि लगेच बंद करायची. स्वतःला टोचून घ्यायला ठेवलाय असं तिला वाटायचं. तिला काय माहीत, हा दुसऱ्या कुणाला हवा असेल. जुळवून आणलेलं वाक्य तिला आता आठवेना. त्या वाक्याच्या शेवटी या बाईने काहीतरी म्हणायचं होतं — जाऊ दे पोरी, किंवा निघ माझ्या दारातून, काहीही — आणि ते ऐकून तिने फाट्यापर्यंत मोकळं रडत जायचं होतं. कुठल्या कुठे राहिलं ते.

तिने मोबाइल काढला. शोधावं लागलं नाही.

"मी लावला होता, मावशी."

तानूबाईने दोन्ही हातांनी मोबाइल घेतला. ऐकलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. काळी चौकट, समई, शुद्ध लिहिलेली ती अक्षरं — ती तिला वाचता येत नव्हती — आणि मधोमध, भांग पाडलेला, जरासा हसरा, सावळेरामचा सोमनाथ. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच." आणि तिचा चेहरा असा सैल पडत गेला की अक्षदाला तिकडे बघवेना, तिने खाली पाहिलं, तर मांडीवर उताणी पडलेली फ्रेम, त्यातला तो उपाशी पोरगा वर पत्र्याकडे बघत होता.

स्क्रीन अंधारायला लागली. तानूबाई दचकली. अक्षदाने पुढे वाकून बोट लावलं, आणि उजेड आला.

"आसू दे," तानूबाई म्हणाली. "जरा येळ आसू दे."

तिकडे सोमनाथने हॉर्न दिला, मग थोड्या वेळाने पुन्हा दिला. गाडीची वेळ झाली असणार. अक्षदा जागची उठली नाही. बाईने ऐकलं होतं का, ऐकून सोडून दिलं होतं का, की मागाहून सगळं एकदम अंगावर येणार होतं — यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं, आणि ते आपल्याला आता कळायला हवंय असंही तिला वाटेना. उजेड मंद व्हायला लागला की ती बोट लावत होती. मोबाइलच्या कोपऱ्यात बॅटरी तांबडी झाली होती, आणि ती पुरावी, एवढंच तिच्या मनात होतं.